मीटरवरचे ब्रेकचे दिवे विझत नाहीत तेव्हा

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीहून आला आहे. गाडी आठ वर्षांची, पेट्रोलवरची छोटी एसयूव्ही, ७५ हजार किलोमीटर झालेली. जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली. त्यानंतर आठवड्याभरात मीटरवर दोन पिवळे दिवे लागले, एक एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि दुसरा घसरत्या गाडीच्या चित्राचा, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाकं जागच्या जागी घसरून फिरू न देणारी यंत्रणा). गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोनदा पुसून घेतले, पण दोन्ही वेळा घरी पोचायच्या आत परत आले. आता आठ दिवसांपासून हँडब्रेक पूर्ण खाली असतानाही ब्रेकचा लाल दिवा अधूनमधून, विशेषतः वळणावर, लुकलुकतो. एका ठिकाणी सांगितलं की एबीएसचं मॉड्यूल (त्याचा पंप, व्हॉल्व्ह आणि सर्किट असलेली पेटी) गेलंय, पन्नास हजारांच्या घरात खर्च येईल. तर मॉड्यूल बदलावं का, आणि पुढच्या महिन्यात चोर्ला घाटानं बेळगावला जायचंय, तेव्हा गाडी अशीच नेली तर चालेल का, असं विचारलंय.

आधी दोन्हींची सरळ उत्तरं देतो. मॉड्यूल आत्ता बदलू नका, कारण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत मॉड्यूल गेल्याची एकही खूण मला दिसत नाही. आणि लाल दिव्याचं कारण सापडून ते दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. मी गेली २३ वर्षं फोंड्यात गाड्यांच्या वायरिंगचं आणि ब्रेकचं काम करतो. दर पावसाळ्यात ही तक्रार घेऊन गाड्या येतात, आणि त्यातल्या काहींवर आधीच चुकीचा भाग बदलून झालेला असतो. लोकांचे कष्टाचे पैसे असे गेलेले बघवत नाहीत, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

लाल आणि पिवळा दिवा यांची गल्लत करू नका. लाल दिवा तुमच्या पायाखालच्या खऱ्या ब्रेकबद्दल बोलतो, म्हणजे ऑइल, पाइप, पॅड, हँडब्रेक. पिवळा दिवा त्या ब्रेकवर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक मदतनीसाबद्दल बोलतो. एबीएस बंद पडलं तरी पेडल दाबल्यावर गाडी थांबते. फक्त ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर चाकं जाम होतात, आणि जाम चाकांना स्टिअरिंग जुमानत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलला स्वतःचे वेगळे सेन्सर फारसे नसतात, एबीएसचेच चार चाकांचे सेन्सर ते वापरतं. म्हणून एका चाकाचा सेन्सर गेला की दोन्ही पिवळे दिवे जोडीनं लागतात. दिवे दोन दिसले तरी बिघाड एकच असतो.

लाल आणि एबीएसचा दिवा एकाच क्षणी लागून दोन्ही सतत पेटते राहिले, तर मात्र गोष्ट गंभीर असते. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही तेव्हा बंद पडलेली असू शकते. जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं बूड फिरतं. अशी गाडी हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी, आणि पेडलमध्ये जराही फरक वाटला तर तेवढीही न चालवता टोईंग करावी. तुमचा लाल दिवा पिवळ्यांनंतर बऱ्याच दिवसांनी आला आणि तो वळणावर लुकलुकतो. हे वेगळं दुखणं आहे, आणि त्याचं कारण मला बसल्या जागी जवळजवळ नक्की सांगता येईल: ब्रेक ऑइल कमी झालंय.

ऑइलच्या डबीत एक तरंगता फ्लोट असतो. पातळी जेमतेम उरली की सरळ रस्त्यावर तो स्विचच्या वर राहतो, पण वळणावर ऑइल एका बाजूला झुकलं की खाली टेकतो आणि दिवा पेटतो. बॉनेट उघडा, डबीवरच्या कमाल आणि किमान अशा दोन रेघा बघा. पातळी किमान रेघेशी असणार. इथे बहुतेक जण एकच गोष्ट करतात, शंभर-दीडशे रुपयांची बाटली आणून डबी भरतात. दिवा विझतो आणि सगळे खूश होतात. तसं करू नका, कारण ऑइल कमी होण्याची कारणं दोनच. एक, पॅड झिजले. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा भरायला ऑइल खाली जातं. यात काही वावगं नाही, पॅड बदलले की पातळी आपोआप वर येते. दुसरं कारण गळती, आणि तिथे खेळ नको.

त्यामुळे चारही चाकं काढून बघायला सांगा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. ३ मिलिमीटर उरला की बदलायचाच. मागे ड्रम असतील तर ड्रम काढल्याशिवाय काही कळत नाही. आतल्या व्हील सिलिंडरचं रबर बोटानं उचलून बघायचं, खाली ओल असेल तर सिलिंडर पाझरतोय. लायनरवर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर) ऑइल पसरलं असेल तर ते लायनरही टाकून द्यायचे. पेट्रोलनं धुऊन परत बसवलेले लायनर मी पाहिलेत, कृपा करून तसं कोणी करू नये. चारही चाकं कोरडी आणि पॅडही जाड, तरीही ऑइल कमी होत असेल, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) यांच्या सांध्यात बघायचं. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल बाहेर न सांडता बूस्टरच्या पोटात जातं. जमिनीवर एक थेंब नाही, चाकांवर ओल नाही, आणि डबी दर महिन्याला खाली. दोन वर्षांमागे वाळपईची एक गाडी आली होती, तिच्यात चार महिने फक्त ऑइल भरत होते. मास्टर सिलिंडर सोडला तर बूस्टरमधून पाव लिटर ऑइल निघालं, खाली रंगाचे पोपडे सुटलेले.

घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणीही आहे. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना, पेडल मध्यम जोरानं दाबून अर्धा मिनिट धरा. पेडल जिथल्या तिथे राहिलं पाहिजे. पाय तसाच असताना ते हळूहळू खाली बुडत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतल्या आत दाब सोडतोय. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर कडक होत असेल, तर पाइपात हवा आहे. पेडल दगडासारखं कडक लागत असेल तर बूस्टरकडे बघा: इंजिन बंद करून पाच-सहा वेळा पेडल मारा, पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. बूस्टर धड असेल तर पेडल पायाखाली जरासं खाली जातं.

ऑइलचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करतो, कारण घाटाशी त्याचा थेट संबंध आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. डॉट ४ या प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. चोर्ला उतरताना पाय सतत पेडलवर ठेवला तर डिस्क लालबुंद तापते आणि ती उष्णता कॅलिपरमधून ऑइलपर्यंत पोचते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल सरळ तळाशी जातं. आपल्याकडे वर्षाला सुमारे १२० इंच पाऊस आणि उरलेले आठ महिनेही दमट हवा, म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं हा नियम गोव्यात तरी काटेकोर पाळावा. नवं ऑइल मधासारखं फिकट पिवळं असतं. डबीतलं कोऱ्या चहासारखं दिसत असेल तर किती किलोमीटर झाले ते विचारायचंही कारण नाही, ते बदला. झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तोच घाला. घरात पडलेलं इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही नको, एका चमच्यानं सगळी सिलं फुगून जातात.

आता पिवळ्या दिव्यांकडे येतो. स्कॅनर हातात घ्यायच्या आधी मी गिऱ्हाईकाला एकच गोष्ट विचारतो: दिवा नेमका कधी लागतो? चावी ऑन केल्यावर सगळे दिवे तीनेक सेकंद पेटतात, ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. त्यानंतर एबीएसचा दिवा विझलाच नाही, तर बिघाड विजेचा आहे: तार तुटलेली, फ्यूज उडालेला, व्होल्टेज कमी. दिवा विझला आणि गाडी हलून वेग दहा-वीसवर गेल्यावर लागला, तर तार शाबूत आहे पण एखाद्या चाकाचा सिग्नल येत नाही किंवा वाकडातिकडा येतो. खड्ड्यात आदळल्यावर लागला तर कपलर, म्हणजे तारांचा जोड, ढिला. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लागला तर पुढच्या चाकाची तार ताणली जातेय किंवा बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. ब्रेक दाबल्यावरच लागला तर पेडलचा स्विच किंवा पंप. पाच पैशांचं हत्यार न लावता अर्धं निदान इथेच होतं. तुमचे दिवे पुसल्यावर काही वेळ विझून राहतात आणि रस्त्यावर लागतात. म्हणजे दुसरा प्रकार, आणि पाण्याचा इतिहास. माझा कौल चाकाच्या सेन्सरला.

कुठल्या चाकाच्या, ते स्कॅनर सांगेल. पण स्कॅनर एबीएसमध्ये शिरणारा हवा. ऑनलाइन मिळणारी स्वस्त ब्लूटूथ यंत्रं बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड (बिघाडाचे नंबर) वाचतात आणि ‘बिघाड नाही’ असं सांगून मोकळी होतात. ब्रेकचे कोड सी अक्षरानं सुरू होतात. सर्वसाधारण क्रमात सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं. बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे वेगळे नंबर असतात, तेव्हा नंबरावर अडून न राहता त्यापुढचं वर्णन वाचून घ्या. यू ०१२१ आला तर इतर मॉड्यूलांना एबीएसचं मॉड्यूल सापडत नाहीये, तिथे फ्यूज, अर्थिंग आणि तारा आधी. तुमच्या गॅरेजनं दोनदा कोड पुसले, पण कोड काय होता ते तुम्हाला सांगितलं नाही. पुढच्या वेळी पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या. तुमच्या गाडीच्या दुखण्याचा सगळ्यात मोलाचा पुरावा तोच आहे, आणि तो पुसून टाकल्यावर मेस्त्रीला परत शून्यापासून सुरुवात करावी लागते.

कोडपेक्षाही मला चालू आकडे जास्त पटतात. एक जण गाडी चालवतो, दुसरा शेजारी स्कॅनर घेऊन बसतो आणि चारही चाकांचे वेग बघतो. ताशी वीसच्या सरळ चालीत चारही आकडे सारखे हवेत. एक आकडा शून्यावर बसला, उशिरा जागा झाला किंवा मधेच ठेच लागल्यासारखा पडून उठला, की चाक सापडलं.

चाक सापडल्यावर काय दिसतं, ते याच जुलैमधल्या एका गाडीवरून सांगतो. तिचं मागचं डावं चाक होतं. चाक काढलं तर आतून सगळं तांबड्या चिखलानं लिंपलेलं. आपल्या मातीत लोह आहे, खाणीच्या भागात तर विचारूच नका. ती ओली माती सेन्सर आणि रिंगच्या (चाकाबरोबर फिरणारी, जिच्यावरून सेन्सर वेग ओळखतो) मधल्या जागेत बसते आणि उन्हात विटेसारखी घट्ट होते. पाण्यानं धुऊन काढली, तरी दिवा गेला नाही. मग तार धरून मागे मागे गेलो. चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर उतरवलं, त्याच्यामागे कपलर. लॉक दाबून उघडला तर दोनपैकी एका पिनेवर हिरवी भुकटी, तांब्याच्या जुन्या भांड्यावर कळकते तशी. ती साफ केली, कपलर लावला, दिवा गेला, गिऱ्हाईक गेलं. चार दिवसांनी परत. तेव्हा कपलरच्या मागची तार चार बोटं सोलली. आत चकचकीत तांबं दिसायला हवं होतं, पण तार काळीठिक्कर पडलेली आणि चिमटीत धरली तर मोडत होती. पाणी कपलरमधून तारेच्या आवरणाखाली ओढलं गेलं होतं. काळी तार संपून लाल तांबं दिसेपर्यंत वीतभर तार कापली, नवा तुकडा सोल्डर करून वर गोंदवाली श्रिंक नळी चढवली आणि नवा कपलर बसवला. खर्च हजाराच्या आत. पहिल्याच दिवशी तार सोलून बघायला हवी होती. तेव्हापासून हिरवी पिन दिसली की मी तार सोलतोच.

फेरीबोटीनं रोज चोडण-दिवाडीला ये-जा करणाऱ्यांच्या आणि खाजनांच्या (भरतीच्या पाण्याकाठच्या सखल शेतांच्या) बांधावरून जाणाऱ्यांच्या गाड्यांत हे लवकर होतं. धक्क्याच्या उतारावर भरतीचं पाणी असतं आणि ते खारं असतं. समुद्राच्या वाळूत गाडी घालणं तर बेकायदाही आहे आणि सेन्सरचा जीव घेणारंही. खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं चाकांच्या आतली बाजू धुवा, फक्त प्रेशरचा झोत थेट कपलरवर मारू नका.

सेन्सर स्वतः तपासायचा तर तो कुठल्या जातीचा आहे ते आधी बघावं लागतं. जुन्या प्रकारात नुसती कॉइल असते. मल्टिमीटरवर तिचा रेझिस्टन्स साधारण एक-दोन किलो ओहमच्या आसपास येतो, आणि चाक हातानं गरगर फिरवलं की मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून आकडा उठताना दिसतो. दुसऱ्या बाजूच्या चाकाशी तुलना करा, फरक लगेच कळतो. नव्या गाड्यांत सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. त्यावर ओहम मोजून काही कळत नाही, उलट चुकीचा निष्कर्ष निघतो. तिथे चावी ऑन करून कपलरवर गाडीकडून व्होल्टेज येतोय का ते बघायचं, बहुतेक गाड्यांत तो बॅटरीच्या जवळपास असतो. व्होल्टेज येत नसेल तर सेन्सर कितीही बदला, दिवा जाणार नाही.

सेन्सर काढतानाही धीर लागतो. एका दहा नंबरच्या बोल्टनं तो बसवलेला असतो, पण गंजानं हबच्या भोकात असा चिकटतो की ओढला तर मुंडी हातात आणि धड आत. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सेन्सर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत काढायचा. भोकातला आणि बसायच्या जागेवरचा गंज पॉलिश पेपरनं साफ करायचा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर सेन्सर तेवढाच वर उचलला जातो आणि रिंगपासून लांब जातो. एक मिलिमीटरचं अंतर दोन झालं की सिग्नल मेला.

रिंगचीही तीच कथा. जुन्या पद्धतीची दातेरी रिंग गंजून फुगते आणि तिला तडा जातो. तडा गेलेल्या रिंगची एक खास खूण आहे, ती लक्षात ठेवा: सिग्नलला गाडी थांबता थांबता, अगदी माणूस चालतो त्या वेगात, पेडल पायाखाली करकरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. दिवा लागलेला नसतो, म्हणून लोक ब्रेकचा दोष समजून पॅड बदलतात. खरं तर एबीएसला ते चाक घसरतंय असं वाटत असतं. नव्या गाड्यांत दात्यांऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. बेअरिंगच्या दोन्ही बाजू दिसायला सारख्या, पण पट्टी एकाच बाजूला. बेअरिंग उलटं ठोकलं की चाक मस्त फिरतं, आवाज नाही, प्ले नाही, आणि एबीएसचा दिवा मात्र कायम. बसवण्याआधी कागदावर लोखंडाचा थोडा कीस घेऊन सीलवर धरावा. ज्या बाजूला तो बारीक रेघांत उभा राहतो ती बाजू सेन्सरकडे. बेअरिंग बदलल्या दिवसापासून दिवे लागले असतील, तर दुसरं काही शोधूच नका.

बॅटरीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे घरोघरी कोणीतरी जहाजावर किंवा आखातात असतं. गाडी सहा-आठ महिने शेडमध्ये, आणि माणूस चवथीला घरी आला की मीटरवर दिव्यांची आरास. स्टार्ट मारताना व्होल्टेज दहाच्या खाली गेला की मॉड्यूल आपली हार लिहून ठेवतं. आराम केलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ते नसतील तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर, मग बाकीचं. काही गाड्यांत अल्टरनेटर गेला की बॅटरीच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागतो. उभ्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात तेही इथेच तपासून घ्या.

फक्त ट्रॅक्शनचा दिवा लागला आणि एबीएसचा नाही, तर वाट वेगळी. तो लुकलुकत असेल तर बिघाडच नाही. सत्तरीतल्या चिखलाच्या चढावर चाक सुटलं आणि दिवा लुकलुकला, म्हणजे यंत्रणा तिचं काम करतेय. सतत पेटलेला असेल तर आधी डॅशबोर्डवरचं बंद करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का बघा. मग पेडलवरचा स्विच: मागचे ब्रेक लाइट लागतात का, ऑटोमॅटिक गाडी असेल तर पार्कमधून गिअर सुटतो का. व्हील अलाइनमेंट केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर दिवा लागला असेल तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर आपलं शून्य विसरलाय. काही गाड्यांत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की तो ताळ्यावर येतो, काहींत स्कॅनरनंच शून्य द्यावं लागतं. इंजिनचा पिवळा दिवाही सोबत असेल तर आधी इंजिन दुरुस्त करा, कारण इंजिनचा जोर कमी करता येत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल स्वतःहून बाजूला होतं. चार टायरांपैकी एक वेगळ्या मापाचा असला, किंवा पंक्चरनंतर लहान स्टेपनी लावून चालवलं, तरी दिवा लागतो. तो टायर बदलला की जातो.

आता त्या पन्नास हजारांच्या मॉड्यूलबद्दल. मॉड्यूल कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. पंपाची मोटर जाम होते, आतल्या सोल्डरला भेगा जातात. पण तो निकाल देण्याआधी तीन गोष्टी झालेल्या असल्या पाहिजेत. पंपाचे आणि व्हॉल्व्हचे मोठे फ्यूज इंजिनजवळच्या पेटीत असतात. ते नुसते डोळ्यांनी न बघता मीटरनं तपासायचे. अर्थिंगचा बोल्ट बहुधा बॅटरीखाली किंवा चेसिसला असतो, आणि बॅटरीचं आम्ल व समुद्रावरची हवा मिळून तो खातात. तो सोडून घासायचा. मग मॉड्यूलचा अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये, स्कॅनरनं पंप चालवत असताना, व्होल्टेज मोजायचा. पाव व्होल्टापेक्षा जास्त दिसला तर दोष अर्थिंगचा. आणि तिसरं, पंपाला थेट वीज आणि अर्थ मिळत असूनही तो चालत नाही हे डोळ्यांदेखत सिद्ध झालं पाहिजे. हे तिन्ही करून दाखवा असं तुम्ही नम्रपणे म्हणा. जो मेस्त्री दाखवतो त्याच्या हाती गाडी द्या. खरंच गेलेलं असलं तरी आतलं सर्किट दुरुस्त करणारे लोक आहेत. भंगारातून आणलेलं मॉड्यूल बहुतेक गाड्यांत कोडिंगशिवाय चालत नाही, ते आधी विचारून घ्या. आणि मॉड्यूलचे पाइप एकदा सोडले की आत हवा शिरते. ती नुसतं पेडल मारून पुरती निघत नाही, स्कॅनरनं व्हॉल्व्ह उघडझाप करत काढावी लागते.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हे काम आता गावातल्या गॅरेजांतही येतंय आणि बरीच मुलं ते छान शिकलीयत. तुम्हाला डिचोली-साखळीत असा कोणी सापडेल. त्याला हा क्रम सांगा: आधी ऑइलची पातळी, चारही चाकं उघडून पॅड, लायनर आणि गळती, मग कोडचा फोटो, चालू आकडे, त्या चाकाचा कपलर आणि तार, शेवटी सेन्सर. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुरुस्ती झाल्यावर दिवा पुसून लगेच घरी जाऊ नका. मोकळ्या, ओल्या मैदानात किंवा मागेपुढे कोणी नसलेल्या रस्त्यावर ताशी तीसच्या वेगात एकदा पूर्ण जोरानं ब्रेक दाबा. पेडल पायाखाली थडथडलं आणि गाडी सरळ थांबली, म्हणजे एबीएस जागं झालं. दोन दिवस नेहमीसारखी चालवून स्कॅनर पुन्हा लावा. कोडची यादी रिकामी असेल, लाल दिवा कुठल्याही वळणावर लुकलुकत नसेल आणि ऑइल नवं असेल, तर चोर्ल्याला खुशाल जा, उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात ठेवा आणि ब्रेकला मधूनमधून थंड व्हायला वेळ द्या. तोवर जाणं अडलं असेल तर कदंबची बस पकडा.